नाव न घेता केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत चहाड्या कोणी करत नाही. आमच्यात विनंत्या ठेवतात.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. आम्ही हैदराबादेतले मराठी ख्रिस्ती, मूठभर घरं. काहींचे आजे-पणजे मराठवाड्यातून आले, तेव्हा तिकडचा आणि इकडचा सगळा मुलूख एकाच संस्थानात होता. काही जण अलीकडे पुण्या-नगराहून कंपन्यांतल्या नोकऱ्यांसाठी आले. आमचं स्वतःचं चर्च नाही. चिक्कडपल्लीला एका तेलुगू मंडळीचं आहे, त्यांची उपासना आटोपली की रविवारी दुपारी ते आम्हाला मिळतं. त्यांच्या मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास अजून बाकांवर असतो आणि आम्ही त्यात आमची मराठी गीतं गातो. शिवाय दर बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेकीच्या घरी बायकांची घरसभा असते. गीत, शास्त्रवाचन, मग विनंत्या, मग प्रार्थना, मग चहा आणि कांद्याचे छोटे समोसे.

विनंत्या म्हणजे प्रत्येकीने आपलं दुखणं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. मूळ गोष्ट फार चांगली आहे, हे मी आजही म्हणेन. आई गेली त्या महिन्यात मी त्याच प्रार्थनांवर उभी होते. पण आपलं सांगून झालं की माणसाला दुसऱ्याचं आठवतं. मग आवाज खाली येतो, डोळे मिटतात आणि सुरुवात होते, "नाव घेत नाही, पण आपल्यातल्याच एका घरासाठी..." पुढे खुणा येतात. मुलगा बारावीला पुन्हा बसला आहे, घर अंबरपेठेच्या बाजूला आहे, वडील रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. आता नाव घ्यायचं राहिलंच कुठे? समोसे येईपर्यंत सगळ्यांना सगळं कळलेलं असतं, आणि कोणीही चहाडी केलेली नसते.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आमचे पाळकसाहेब दर वर्षी मोहावर बोलतात. दारू, जुगार, सिनेमा आणि आता मोबाइल. आम्ही बायका माना हलवतो. मला तर त्या यादीचं हसूच येतं. दारूच्या वासाने मला मळमळतं आणि पत्त्यांतला गुलाम कुठला, राजा कुठला हेही कळत नाही. सैतान माझ्याकडे बाटली घेऊन कशाला येईल? तो काही कालचा नाही. माझी जीभ केवढी लांब आहे ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

मी विद्यानगरच्या एका शाळेत गणित शिकवते. वर्गात मुलं मला घाबरतात, घरसभेत बायका थोड्या बिचकून असतात, आणि मला ते आवडतं. लग्न झालं होतं. नवरा आखातात नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. त्याने तिकडे दुसरा संसार मांडला हे मला कळलं तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीच्या वयाची होती. मी कोणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. तिचं हृदय नाजूक होतं, तिला कसं सांगायचं हे माझं मलाच ठरवायचं होतं. पण माणसाला कुठेतरी बोलावंसं वाटतंच. मी महिला मंडळाच्या ताईंना सांगितलं. आमच्या मंडळाच्या त्या तेव्हाही अध्यक्ष होत्या, आजही आहेत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, स्वच्छ सुती साडी, गोड गळा. "माझ्यापाशीच राहील गं," त्या म्हणाल्या.

पुढच्याच बुधवारी घरसभा होती. आई माझ्या शेजारी बसली होती. ताईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "नाव घेत नाही. आपल्यातली एक तरुण बहीण, पदरात लहान मुलगी, नवरा समुद्रापलीकडे, त्याने दुसरं घर केलं आहे. प्रभू, तिला सोसायचं बळ दे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. आईनेही म्हटलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुलीचा संसार बुडाल्याची बातमी तिला प्रार्थनेतून कळली, आणि त्यावर ती आधीच आमेन म्हणून बसली होती. घरी जाताना रिक्षात ती बाहेर रस्त्याकडे बघत बसली.

तेव्हापासून 'मोडलेल्या घरांसाठी' ही आमच्या सभेतली कायमची विनंती झाली. ती आली की दोन-चार डोळे उघडतात, माझ्याकडे बघतात आणि परत मिटतात. लोक विचारतात, मग तू जातेस कशाला? का जाऊ नये? मंडळी काय ताईंच्या वडिलांची आहे? माझ्या आजोबांनी त्या मंडळीत पेटी वाजवली आहे. मी जाते आणि पुढे बसते. खालच्या आवाजात गायची सवय मला नाही.

तर गेल्या वर्षी, सहामाही परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात, ताईंची मुलगी शाळेत माझ्याकडे आली. लग्न होऊन पुण्याला गेलेली, आता तिची मुलगी दुसरीत. दोघी स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. ती माहेरी आली आहे हे मला माहीत होतं. जावई कंपनीच्या कामासाठी परदेशी गेले आहेत, म्हणून मुलगी महिनाभर आराम करायला आली आहे, असं ताई सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या.

"मावशी, वर्षाच्या मधेच हिला इथे प्रवेश मिळेल का हो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "महिन्याभरासाठी प्रवेश कशाला?"

ती म्हणाली, "मी परत जाणार नाहीये." मग तिने लेकीला मैदानात झोपाळ्याकडे पाठवलं आणि आवाज उतरवला. "आईला अजून माहीत नाही. मी सांगणार आहे, पण मला थोडे दिवस द्या. मागे एकदा अशीच आले होते. तेव्हा माझ्याआधी सासूचा फोन आला. आईला लाज वाटली, लोकांना कळायच्या आत तिने मला स्वतः रेल्वेने नेऊन पोचवलं. या वेळी माझ्या तोंडून कळलं तर ती ऐकेल. दुसऱ्या कोणाकडून कळलं, त्यातून मंडळीत कळलं, तर ती तिकीट काढेल."

मी तिला म्हटलं, "माझ्या तोंडून जाणार नाही." वजन देऊन म्हटलं. मोठ्या बाईंशी प्रवेशाचं बोलते असंही सांगितलं.

आणि आता जे लिहिते आहे ते कोणाला आवडो न आवडो. ती गेल्यावर मला आनंद झाला. त्या पोरीसाठी वाईट वाटलं, तेही खरंच. पण त्याच्या खाली गुदगुल्या होत होत्या. शाळा सुटल्यावर मी अंबरपेठेच्या बाजारातून चांगले पेरू घेतले, भाव केला नाही. मोडलेली घरं, मोडलेली घरं करत जिने माझ्या डोक्यावर इतकी वर्षं मिरी वाटली, तिच्याच घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आली होती.

नुसता सूड सुचला असता तर मी त्याला दारातूनच घालवलं असतं. सूड ओळखू येतो. पण संध्याकाळी अंबाडीची भाजी निवडत बसले होते, तेव्हा माझ्या मनात फार चांगले विचार यायला लागले. ती मुलगी एकटी पडली आहे. तिला प्रार्थनेची गरज आहे. इतक्या बायका तिच्यासाठी गुडघे टेकतील तर त्यात वाईट काय? नाव तर घ्यायचंच नाही. मी मनातल्या मनात वाक्यही जुळवलं, "आपल्यातली एक लेक माहेरी आली आहे, आणि ती आरामाला आलेली नाही." वाक्य छान जमलं होतं. मी ते दोनदा घोळवून पाहिलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा आवाज ताईंसारखा झाला आहे.

तिथे माझं टाळकं सटकलं. प्रवचनात सांगतात तसा मोह शिंगं लावून येत नाही, तो आमच्याकडे हात जोडून, डोळे मिटून येतो. मी भाजीची पाटी बाजूला सारली आणि त्याला मोठ्याने सुनावलं. प्रार्थना मी मराठीत करते. सैतानासाठी मला आमची अंबरपेठेची दक्खनी पुरते. "हौला समझा क्या मेरे कू?" म्हटलं. "मैं येडी नक्को समझ. चल, निकल यहाँ से." समोरच्या घरातल्या तेलुगू आजींनी खिडकीतून डोकावून विचारलं, मांजर आलं का म्हणून. मी हो म्हटलं.

पण हा एकदा हाकलला म्हणून जाणारा नव्हता. रात्री मुलीचा फोन आला. ती आता बंगळुरूला असते. "काय विशेष?" तिने विचारलं, आणि ते वाक्य जिभेच्या टोकापर्यंत येऊन उभं राहिलं. आपल्याच मुलीला सांगितलं तर ते काय सांगणं झालं? ती तर तिकडे दूर. मी तिला पेरूंचा भाव सांगितला. दुसऱ्या दिवशी शाळेत, रिक्षात, भांडी घासताना, तेच. पोटात ठेवणं म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात कळलं, कारण ते सारखं वर येत होतं. मी प्रार्थनेत तक्रारही केली. म्हटलं, प्रभू, शहरात इतक्या शाळा होत्या, हिला माझ्याच शाळेत कशाला पाठवलंस?

बुधवार आला, आणि त्या बुधवारची घरसभा ताईंच्याच घरी होती.

पुढच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. ताईंची मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती, तिची लेक मांडीवर. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. गीत झालं, वाचन झालं. मग विनंत्या सुरू झाल्या. आमच्यात बसलेल्या क्रमाने विनंत्या होतात, ताईंनंतर माझी पाळी होती. ताईंनी डोळे मिटले.

"मोडलेल्या घरांसाठी," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना जरा जास्तच सुचत होतं. "नाव घेत नाही, पण ज्या बहिणींनी थोडं सोसलं असतं, थोडी जीभ आवरली असती, तर ज्यांची घरं आज उभी असती, त्यांच्यासाठी. आणि आपल्या लेकींची घरं प्रभूने सांभाळली, त्याबद्दल उपकार."

मी डोळे उघडले. दाराशी बसलेल्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली असं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ताई, मोडलेली घरं शोधायला इतक्या लांब कशाला जाता? बस, एवढंच. त्यात नाव नव्हतं, खोटं काही नव्हतं. ते मी त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच सतरंजीवर बसून म्हणणार होते. माझ्या आईचा तो रिक्षातला चेहरा मला दिसला आणि रागाने माझे कान तापले. बोलावंसं वाटत होतं, असं म्हणणं कमी पडेल. माझ्या सगळ्या अंगाला बोलायचं होतं.

"तुझी विनंती?" कोणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, "माझी एकच विनंती आहे. आत्ता जी माझ्यासाठी ठेवली गेली, ती मला नको. ती परत घ्या."

खोलीत चुळबुळ झाली. ताईंनी डोळे उघडले. "मी कुठे तुझं नाव घेतलं?"

"नाव घ्या ना ताई. घेतलं असतं तर निदान मला उत्तर तरी देता आलं असतं. आता देते. माझं घर मोडलेलं नाही. त्यातून एक माणूस निघून गेला, घर जागच्या जागी आहे. मी त्यात राहते, मुलीला त्यात वाढवलं, आणि सोसण्याबद्दल म्हणाल तर मी पुष्कळ सोसलं आहे, त्यातलं बरंचसं इथे याच सभेत." आवाज चढला होता, पण मी थांबले नाही. "आजपासून मी फक्त माझी विनंती ठेवणार. आणि माझ्यासमोर कोणी दुसऱ्याच्या घराची ठेवली, तर मी डोळे मिटणार नाही. उघडे ठेवून बघत बसेन, कोण सांगतंय आणि कोण कान देऊन ऐकतंय."

आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "अगं पण इतकं कायको चिडायचं? प्रार्थनाच तर करतो आपण."

"करा की आजी. ज्याची त्याला सांगू द्या, मग करा."

"फार गर्व झालाय तुला," ताई म्हणाल्या.

"हौ, झालाय," मी म्हटलं. "त्याच्यासाठी मी घरी प्रार्थना करेन."

चहाच्या वेळी कोणी माझ्याशी बोललं नाही. चपला घालताना मात्र पुण्याहून आलेली एक तरुण बाई माझ्याजवळ सरकली. चांगली मुलगी आहे, नवरा कंपनीत, इथे तिला करमत नाही. ती हळूच म्हणाली, "मी परवा तुमच्या शाळेवरून जात होते. ताईंची मुलगी तुमच्याशी बोलताना दिसली. तिच्या सासरचे माझ्या नणंदेच्या ओळखीचे आहेत. काही प्रॉब्लेम आहे का? म्हणजे, आपण प्रेअर करू शकतो."

"आहे प्रॉब्लेम," मी म्हटलं. "माझे गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही. करा प्रेअर."

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. भला माणूस, भांडणाला घाबरतो. ताई दुखावल्या आहेत, तुम्ही वयाने लहान, दोन शब्द क्षमेचे बोला, म्हणजे मंडळीत शांती राहील, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "पाळकसाहेब, चुकीचं काय बोलले ते सांगा, त्याची क्षमा मागते." त्यांनी थोडा विचार केला आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांच्या नाताळच्या नाटकाबद्दल विचारलं.

त्या बुधवारची घरसभा माझ्या घरी होती. मी समोसे आणले, सतरंजी घातली, चहाचं आधण ठेवलं. कोणी आलं नाही. वाट बघून बघून शेवटी मी एकटीच बसले आणि सभा सुरू केली. खिडक्या उघड्या ठेवल्या, गीताची सगळी कडवी म्हटली, एकही गाळलं नाही. वाचन केलं. विनंत्यांची वेळ आली तेव्हा म्हटलं, प्रभू, माझी जीभ सांभाळ, कारण आज मला आठवड्याभरापूर्वीपेक्षाही जास्त सांगावंसं वाटतंय. ते अगदी खरं होतं. मला वाळीत टाकल्यासारखं करणाऱ्या बाईला एका फोनमध्ये गप्प करता आलं असतं. प्रार्थना झाल्यावर मी रडले, मग समोसे गल्लीतल्या घरांत वाटले.

मला धीर वगैरे आला नव्हता. राग होता, आणि रागाच्या बळावर मी गप्प होते. देव असल्या बळावर काम चालवून घेतो की नाही ते मला माहीत नाही, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी दाराशी ताई उभ्या. एकट्या, छत्रीसुद्धा न घेता उन्हातून आलेल्या. आम्ही ख्रिस्ती लोक भेटलो की सलाम म्हणतो, तोही त्यांनी केला नाही. आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"काल रात्री तिने सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"त्या बुधवारी, माझ्या घरी, मी बोलत होते तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं होतं, ताई," मी म्हटलं. "फार बोलायचं होतं. तुम्हाला कल्पना येणार नाही इतकं."

"तुझ्या जागी मी असते तर बोलले असते."

"हो. बोलला होतात."

मी हे हळू आवाजात म्हटलं, तरी त्यांना ते लागलं. मग म्हणाल्या, "तुझी आई त्या दिवशी जाताना मला सलाम न करताच गेली. मी मनात म्हटलं, काय ही बाई, तिच्या लेकीसाठी प्रार्थना केली आणि हिला त्याचं काही नाही." क्षमा हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, आणि मीही मागितला नाही. मी पाणी दिलं.

पाणी पिऊन त्या सावरल्या आणि परत मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. "लोक विचारायला लागलेत. त्या पुण्याच्या बाईने दोनदा फोन केला. मंडळीला काहीतरी सांगावं लागेल. माझ्याने होणार नाही. तू सांग ना. विनंती म्हणून ठेव, तुला बरोबर शब्द सुचतात. माझी परवानगी आहे."

खरं सांगते, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आतापर्यंत निदान दार बंद होतं, आता त्या स्वतःच ते उघडून धरत होत्या. मला बोलता आलं असतं, चांगुलपणाही मिळाला असता, आणि वर ताई आयुष्यभर माझ्या उपकाराखाली राहिल्या असत्या. एवढं सगळं एकदम कोणाला मिळतं?

"नाही," मी म्हटलं. "परवानगी तुमची चालत नाही, ताई. ते तुमच्या लेकीचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल, नाही वाटलं तर नाही."

"मग मी लोकांना काय सांगू?"

"सांगू नका काही. जमतं. पोट दुखतं थोडं, पण जमतं." आणि मग मला जे खरोखर विचारायचं होतं ते विचारलं. "तिला परत पोचवून येणार आहात का?"

त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत आत टाकला. "तिच्या सासूचे सकाळपासून फोन येताहेत," त्या म्हणाल्या. "मी उचलला नाही."

ताईंच्या नातीला आमच्या शाळेत प्रवेश मिळाला. दोन-तीन आठवड्यांनी रविवारच्या उपासनेत ताई सूचना द्यायला उठल्या आणि म्हणाल्या की माझ्या घरची सभा राहिली आहे, ती या बुधवारी होईल, सगळ्या बहिणींनी यावं. दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

बुधवारी माझ्या घरात बसायला जागा उरली नाही. कधी न येणाऱ्याही आल्या होत्या. त्या गीतासाठी आल्या होत्या असं मी म्हणणार नाही. ताई आल्या, त्यांची मुलगी आली, नात आली. वाचनाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. विनंत्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्या भरभर आपलं उरकत होत्या, कोणाचा रक्तदाब, कोणाच्या भावाची बदली. आणि मग ताईंच्या मुलीची पाळी आली. पुण्याची बाई तर गुडघ्यांवर पुढे झुकली होती.

ती मुलगी ताठ बसली. डोळे मिटले नाहीत. "माझ्या लेकीला शाळेत तेलुगू जमत नाहीये," ती म्हणाली. "तिला ती अक्षरं सगळी सारखीच दिसतात. परवा परीक्षा आहे, रोज रडते. तिच्यासाठी प्रार्थना करा."

सगळ्या थांबल्या. पुढे काहीतरी येईल म्हणून वाट बघत राहिल्या.

"आणि आणखी काही?" पुण्याच्या बाईने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एवढंच."

प्रार्थना ताईंनी केली. त्यांनी तेलुगूसाठीच प्रार्थना केली, अ पासून. मोडलेल्या घरांचं नाव निघालं नाही. मी आमेन इतक्या जोरात म्हटलं की ती पोर आईच्या मांडीवर दचकली आणि मग हसली.

पुण्याला त्या घरात नेमकं काय घडलं, ते मला आजही माहीत नाही. ती रोज दुपारी लेकीला न्यायला शाळेच्या फाटकाशी येते आणि आम्ही दोघी थोडा वेळ उभ्या राहून बोलतो. मारत होता का? दुसरी कोणी होती का? रोज तो प्रश्न माझ्या जिभेवर येऊन बसतो, कालच्याइतकाच ताजा आणि कालच्याइतकीच काळजी दाखवत. मी रोज त्याला गिळते आणि तिला विचारते, आज तेलुगूत काय शिकवलं.